डग्गा कुठे गेला? : स्पीकरच्या तारा जोडण्याविषयी

इंदूर येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात दिवाळीच्या सुमारास नवा रिसीव्हर आला. जोडीला दोन चांगले स्पीकर होते. दुकानातून आलेल्या मुलाने दहा मिनिटांत तारा जोडल्या, गाणे लावून दाखविले आणि तो निघून गेला. घरची मंडळी हरखून गेली. नाखूश राहिल्या त्या फक्त घरातील आजीबाई. तरुणपणी त्या गाणे शिकल्या होत्या. दोन दिवस ऐकून घेऊन त्या नातवाला म्हणाल्या, "अरे, तबला वाजतो आहे खरा, पण डग्गा कुठे गेला? आणि गाणारी बाई समोर बसून गात नाही, भिंतीआडून गाते आहे."

नातू हसला. "आजी, आता कान तपासून घ्यायला हवेत तुझे," असे तो म्हणाला. इतरांनाही तसेच वाटले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेले, तेव्हा कान मंदावले असतील यात नवल ते काय? कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याचा वारही ठरला.

तो वार उजाडण्यापूर्वी महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या नातीला एक गोष्ट खटकली. वाढत्या वयाबरोबर श्रवणशक्ती उणावते, तेव्हा सामान्यतः प्रथम उंच, बारीक ध्वनी ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटू लागतात. खर्जातील ध्वनी पुष्कळ काळ टिकून राहतात. आजींची तक्रार तर नेमकी उलटी होती. त्यांना बारीक ध्वनी ऐकू येत होते आणि खर्ज हरवला होता. मग दोष आजींच्या कानांत की त्या नव्या संचात? नातीने बॅटरी हाती घेतली आणि ती संचाच्या मागल्या बाजूस डोकावली. तिला तेथे काय आढळले ते पुढे सांगू. प्रथम या तारांचे कार्य थोडक्यात समजून घेऊ.

पेटीतून बाहेर आलेला आवाज

मुंबई येथील नभोवाणी केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. त्यानंतरच्या कित्येक दशकांत घरातील रेडिओ म्हणजे एक लाकडी पेटी असे आणि तिच्या पोटातच स्पीकर बसविलेला असे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित होत होते. ते ऐकावयास जमणाऱ्या कुटुंबांना स्पीकरच्या तारांचा विचार करण्याचे कारणच नव्हते. पेटीचा कान पिळला की काम झाले!

परंतु माणसाला कान दोन आहेत. एकाच ठिकाणाहून येणारा आवाज आणि प्रत्यक्ष मैफलीतील आवाज यांत त्यामुळे अंतर पडते. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन स्वतंत्र मार्गांनी ध्वनी मुद्रित करून दोन स्पीकरांतून ऐकविण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशा तबकड्या बाजारात आल्या आणि पेटीत कोंडलेला स्पीकर खोलीच्या दोन बाजूंस जाऊन बसला. आज रेडिओ, दूरचित्रवाणी, तबकडी किंवा मोबाइल यांतून येणारा क्षीण संकेत एका ठिकाणी घेऊन तो स्पीकर हलविण्याइतका बलवान करण्याचे काम रिसीव्हर करतो. त्या बळाला स्पीकरपर्यंत नेणारी वाट म्हणजे या दोन तारा होत.

स्पीकरच्या आत एका बलवान चुंबकाच्या खाचेत बारीक तारेचे वेटोळे अधांतरी ठेवलेले असते व त्याला पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यातून एका दिशेने प्रवाह गेला की पडदा पुढे सरकतो. प्रवाहाची दिशा उलटली की तो मागे जातो. पडद्याच्या या ये-जा करण्याने हवेत कंपने उठतात आणि तीच आपल्या कानी आवाज म्हणून येतात. एका तारेने प्रवाह जातो, तर दुसरीने परततो. म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन तारा लागतात.

डावा आणि उजवा यांचे एकमत

रिसीव्हरच्या पाठीवर प्रत्येक स्पीकरसाठी दोन टर्मिनल असतात : तांबडे धन आणि काळे ऋण. स्पीकरच्या पाठीवरही तशीच जोडी असते. नियम एकच आहे. तांबड्याला तांबडे आणि काळ्याला काळे जोडले गेले पाहिजे, आणि ते दोन्ही स्पीकरांच्या बाबतीत सारखे असले पाहिजे.

एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या तर तो जळत नाही किंवा मुकाही होत नाही. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते. मात्र त्यामुळे एकाचा पडदा पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. एकाने हवा लोटावी आणि दुसऱ्याने ती ओढून घ्यावी, असा प्रकार होतो. दर सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्जाच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. खोलीतील दोन स्पीकरांमधील अंतर त्यामानाने अल्प असल्यामुळे या उलटसुलट लहरी एकमेकींना बहुतांशी खाऊन टाकतात. बारीक ध्वनींच्या लहरी काही सेंटिमीटरांच्याच असल्यामुळे त्यांची अशी सरसकट वजाबाकी होत नाही. परिणामी तबल्याची चाट ऐकू येते, पण डग्ग्याची घुमक नाहीशी होते. दोन्ही स्पीकरांच्या मधोमध ऐकू यावयाचा गायिकेचा आवाजही आपली जागा सोडून खोलीभर विखुरतो.

नातीला आढळले ते हेच. डाव्या स्पीकरची तांबडी तार काळ्या टर्मिनलमध्ये होती. आजींचे कान शाबूत होते. एवढेच नव्हे, तर त्या घरातील सर्वांत तरबेज कान त्यांचेच होते!

तार कोणती घ्यावी?

बाजारात स्पीकरच्या तारा अगदी अल्प किमतीपासून थक्क करणाऱ्या किमतीपर्यंत मिळतात. गृहस्थाने येथे गोंधळून जाऊ नये. तारेचा धातू, तिची जाडी आणि तिची लांबी या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे.

तार जितकी बारीक व लांब, तितका तिचा रोध अधिक, आणि रिसीव्हरच्या शक्तीचा तितका भाग वाटेतच उष्णतेच्या रूपाने वाया जातो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर १० मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून २० मीटर तार धरावी लागते. म्हणजे रोध सुमारे ०.३४ ओहम झाला. स्पीकर ८ ओहमचा असेल तर हे प्रमाण चार टक्क्यांच्या थोडे वर जाते. ते पाच टक्क्यांच्या आत ठेवावे असा सर्वसाधारण संकेत आहे. याउलट दारावरच्या घंटीला वापरतात तशी ०.२ चौरस मिलिमीटरची तार तेवढ्याच अंतराला घेतली, तर तिचा रोध १.७ ओहम होतो, म्हणजे स्पीकरच्या रोधाच्या पाचव्या हिश्श्याहूनही अधिक! आठ ओहमच्या स्पीकरसाठी ५ मीटरपर्यंत १, १० मीटरपर्यंत १.५ आणि त्यापुढे १५ मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली की काम भागते. स्पीकर ४ ओहमचा असल्यास एक पायरी जाड तार घ्यावी.

दुसरी सावधगिरी धातूविषयी बाळगावी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशीही तार स्वस्तात विकली जाते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक आहे. अशी तार हाताला हलकी लागते आणि तिचा तंतू पात्याने खरवडला तर आतून पांढरी निघते. ती निरुपयोगी नव्हे. परंतु तांब्याच्या किमतीला घेऊ नये, आणि घेतलीच तर अधिक जाड घ्यावी. योग्य जाडीची शुद्ध तांब्याची साधी तार घेतल्यानंतर त्याहून कितीतरी महाग तार घेऊन घरगुती श्रोत्याला विशेष काही अधिक लाभत नाही. तो पैसा चांगल्या स्पीकरकडे वळवावा.

प्रत्यक्ष जोडणी

काम आरंभण्यापूर्वी रिसीव्हर बंद करून त्याचा प्लग भिंतीतून काढून घ्यावा. नुसते बटण दाबून बंद करणे पुरेसे नाही.

स्पीकरच्या जागा प्रथम निश्चित कराव्यात. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण साधेल आणि स्पीकरचा बारीक ध्वनीचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल अशी मांडणी उत्तम. नंतर भिंतीच्या कडेने सुतळी धरून अंतर मोजावे व त्याहून अर्धा-पाऊण मीटर अधिक तार कापावी. तार ताणून बसविली तर केर काढताना स्पीकर जरासा सरकला तरी ती निसटते.

दुपदरी तारेच्या एका पदरावर तांबडी रेघ, उठावदार कड किंवा छापील अक्षरे असतात. काही तारांत एक पदर तांबूस व दुसरा रुपेरी असतो. खूण असलेला पदर धन बाजूचा असे मनाशी ठरवावे आणि शेवटपर्यंत त्यात बदल करू नये. टोकाकडे दोन्ही पदर पाच-सहा सेंटिमीटर विलग करून प्रत्येकावरील आवरण सुमारे १० ते १२ मिलिमीटर सोलावे. दातांनी तार सोलण्याची आपल्याकडील सवय दातांना व तारेला सारखीच घातक आहे. तार सोलण्याचा चिमटा फार महाग नसतो. आतील तंतू तुटणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि उघड्या तंतूंना घट्ट पीळ द्यावा.

हा पीळ महत्त्वाचा आहे. सुटलेला एकच तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तर प्रवाह स्पीकरमधून न जाता परस्पर परततो. बहुतेक नव्या रिसीव्हरांत अशा वेळी संच आपोआप बंद पडण्याची योजना असते. पुष्कळ जुन्या संचांत ती नसते आणि मग आतील ट्रान्झिस्टर जळून मोठ्या दुरुस्तीचा प्रसंग ओढवतो. केसासारखा बारीक तंतू, पण तेवढ्याने साऱ्या संचाची किंमत मोजावी लागते.

टर्मिनल खटक्याचे असल्यास खटका दाबून तार आत सारावी व सोडावी. आट्यांचे असल्यास टोपी सैल करून बुंध्यातील छिद्रातून तार घालावी आणि टोपी बोटांनीच घट्ट करावी. पकडीने आवळल्यास आटे बिघडतात. बाहेर उघडे तांबे दिसता कामा नये. टोकाला डाक देऊन ते या टर्मिनलात दाबून बसविणेही टाळावे. दाबाखाली डाक हळूहळू पसरतो आणि सांधा सैल पडतो. प्रथम स्पीकरकडील टोके आणि शेवटी रिसीव्हरकडील टोके जोडावीत. त्यानंतर एकदा डोळ्यांनी व एकदा बोटाने चारही ठिकाणे तपासून मगच प्लग लावावा आणि आवाज अगदी लहान ठेवून संच सुरू करावा.

ओहमचा हिशेब

रिसीव्हरच्या पाठीवर, तो किती ओहमपर्यंतचे स्पीकर पेलू शकतो, हे छापलेले असते. तो आकडा अवश्य वाचावा. दुसऱ्या खोलीतही गाणे ऐकू यावे म्हणून कित्येक जण त्याच टर्मिनलांना आणखी एक स्पीकर जोडतात. ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहमच दिसतात. तीन जोडले तर २.७ च्या खाली. रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, संच तापतो आणि अखेर बंद पडतो किंवा जळतो. छापलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये हा सरळ नियम आहे. व्हॉल्व्हचा जुना संच जपून ठेवला असेल, तर तो स्पीकर न जोडता मुळीच चालवू नये.

घरच्या घरी परीक्षा

तारांवर खूण नसेल किंवा त्या भिंतीआड गेल्या असतील, तर खरेखोटे करण्याचे दोन सोपे उपाय आहेत. पहिला असा : रिसीव्हरकडील तारा सोडवाव्यात आणि त्यांना १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. सेलची धन बाजू स्पीकरच्या तांबड्या टर्मिनलकडे जाणाऱ्या तारेला लागली असेल, तर बहुतेक स्पीकरांचा मोठा पडदा पुढे सरकतो. दोन्ही स्पीकरांचे पडदे सारख्याच दिशेने हलले पाहिजेत.

दुसरा उपाय कानाचा आहे. दोन्ही स्पीकर तोंडास तोंड लावून जवळ ठेवावेत आणि आकाशवाणीवरील बातम्या किंवा दोन्ही बाजूंना सारखेच येणारे काहीही लावावे. नंतर संच बंद करून एकाच स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी व पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत आवाज भरदार व खर्ज पुष्ट येतो ती बरोबर.

मुलांच्या हाती लागू नये

येथे एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडील घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये तांबडी तार विजेची आणि काळी परतीची असते. स्पीकरची तारही तांबडी-काळीच. भिंतीतून दोन्ही एकत्र बाहेर आल्या तर पुढे येणारा वायरमन फसू शकतो. म्हणून विजेच्या तारा ज्या नळीतून जातात तिच्यातून स्पीकरची तार कधीही नेऊ नये आणि तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधून ठेवावी.

स्पीकरच्या तारांच्या टोकाला लावतात ते 'बनाना प्लग' सुमारे ४ मिलिमीटर जाडीचे असतात आणि ते भिंतीवरील विजेच्या छिद्रांत शिरू शकतात. रिकाम्या पडलेल्या तारेची अशी टोके किंवा उघडे तंतू लहान मुलाने तेथे खुपसले तर प्राणावर बेतेल. तार वापरात नसेल तेव्हा ती दोन्हीकडून काढून, गुंडाळून कपाटात ठेवावी. काडेपेटीच्या काड्या खोचून उघड्या तारा भिंतीत अडकविण्याची चाल तर घरातून कायमची हद्दपार केली पाहिजे. मोठे जे करतात तेच मुले उचलतात.

कोकण, गोवा आणि इतर किनारपट्टीच्या दमट हवेत तांब्याची टोके काळीहिरवी पडतात व आवाज खरखरू लागतो. पावसाळा संपला की टोके तपासावीत आणि काळवंडलेला भाग कापून नव्याने सोलावीत. उंदरांनी तार कुरतडली असेल तर तीत सांधा न देता तेवढी तारच बदलणे श्रेयस्कर.

आवाज किती असावा?

जोडणी निर्दोष झाली की आवाज वाढविण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ठीक समजला जातो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबेल आहे. दर ३ डेसिबेल वाढीबरोबर सुरक्षित काळ निम्मा होतो. शेजारधर्मही आहेच. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घालून दिली आहे. आणि खरे सांगावयाचे तर, तारा नीट जोडल्या म्हणजे कमी आवाजातही खर्ज भरून येतो. पुष्कळदा आपण आवाज वाढवितो तो हरवलेल्या अंगाची भरपाई करण्यासाठीच.

इंदूरच्या त्या घरात नातीने प्लग काढला, डाव्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि तीच तबकडी पुन्हा लावली. गायिका जणू दोन स्पीकरांच्या मध्ये समोर येऊन बसली. आजींनी डोळे मिटले. काही वेळाने त्यांचा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला. नातू ओशाळून म्हणाला, "आजी, चुकलो मी." आजी डोळे न उघडताच म्हणाल्या, "गप्प बस रे, सम येते आहे."

डॉक्टरांकडे जाण्याचा वार अर्थातच रद्द झाला नाही. त्या वयात कान तपासून घेणे केव्हाही हिताचेच, असे नातीनेच सर्वांना पटविले. मात्र घरातील वडीलधारे माणूस काही उणे असल्याचे सांगते, तेव्हा दोष त्याच्या वयाला लावण्यापूर्वी एकदा संचाच्या मागे डोकावून पाहावे, एवढे त्या घराने यातून घेतले.